धूमकेतू शोधणारी कॅरोलिन

विद्यार्थी मित्रांनो, एखादे मराठी पंचांग कधी तुमच्या हाती आले, तर त्यात ग्रहांची नावे वाचून पाहा. मंगळ, बुध, गुरू, शनी यांच्या बरोबरीने 'हर्षल' असे एक नाव तुम्हांला आढळेल. हर्षल म्हणजे युरेनस हा ग्रह. विल्यम हर्शेल यांनी तो १७८१ साली शोधून काढला, म्हणून आपल्याकडे त्यांचे आडनावच त्या ग्रहाला मिळाले. असे हे नाव सातासमुद्रापलीकडून येऊन आपल्या घरांत पोचले. पण ज्या दुर्बिणींनी विल्यमना मोठे केले, त्या घडत असताना रात्रंदिवस त्यांच्या शेजारी उभी असलेली त्यांची धाकटी बहीण मात्र फारशी कुणाला ठाऊक नाही. तिचे नाव कॅरोलिन. हा पाठ तिच्याविषयी आहे.

जर्मनीतील हॅनोव्हर या शहरात १६ मार्च १७५० रोजी कॅरोलिनचा जन्म झाला. तिचे वडील आयझॅक हे लष्कराच्या बँडमध्ये ओबो नावाचे वाद्य वाजवीत असत. ओबो हे आपल्या सनईच्या जातीचे वाद्य आहे. घरात मुले पुष्कळ आणि पगार तुटपुंजा. तरीही संध्याकाळी या घरात संगीताची तालीम चाले आणि जेवणानंतर ग्रहताऱ्यांवर गप्पा रंगत. आयझॅक फारसे शिकलेले नव्हते. पण आकाशाचे त्यांना वेड होते. एकदा कडाक्याच्या थंडीत रात्री त्यांनी छोट्या कॅरोलिनला रस्त्यावर नेले आणि बोट दाखवून काही सुंदर तारकासमूहांची ओळख करून दिली. त्या दिवसांत आकाशात एक धूमकेतूही दिसत होता. तोही त्यांनी तिला दाखवला. धूमकेतू म्हणजे तुम्ही उर्दूत ज्याला दुमदार सितारा म्हणता तो. या मुलीच्या आयुष्यात पुढे धूमकेतूंना केवढे स्थान मिळणार आहे, याची त्या रात्री वडिलांना काय कल्पना!

घरात दुर्बीण नव्हती. होता तो एक छोटा गोल. विल्यमने लहानपणी तो स्वतःच्या हाताने तयार केला होता आणि त्यावर विषुववृत्ताची रेषा कोरली होती. सूर्यग्रहणाच्या दिवशी वडिलांनी अंगणात पाण्याने भरलेले एक टब ठेवले आणि सगळ्यांनी पाण्यातल्या प्रतिबिंबात ग्रहण पाहिले. (तुम्ही मात्र असे करू नका. पाण्यातले सूर्याचे प्रतिबिंबही डोळ्यांना इजा करते. ग्रहण पाहण्यासाठी मिळणारा खास चष्माच वापरावा.)

कॅरोलिनच्या आईचे मत वेगळे होते. त्या माउलीला लिहिता येत नव्हते. मुलीने वाचायला-लिहायला शिकावे, शिवणे-विणणे शिकावे, स्वयंपाकघर सांभाळावे; याहून अधिक विद्या मुलीला कशाला, असे तिला वाटे. मुलगे शिकले म्हणून तर घर सोडून परदेशी गेले, अशी तिची समजूत होती. तिला आपण लगेच दोष देऊ नये. नवरा वर्षानुवर्षे लढाईवर आणि विल्यम तर युद्धाच्या धामधुमीत १७५७ साली इंग्लंडला निघून गेलेला. अशा बाईला घरात एक तरी हात मदतीला हवा होता. पण त्याची किंमत कॅरोलिनला मोजावी लागली. ती मोजे विणायला शिकली तेव्हा इतकी लहान होती, की उभी राहून विणू लागली की मोजा जमिनीला टेकत असे. शाळेत शिकलेल्या अक्षरांचा उपयोग ती आईची पत्रे लिहिण्यासाठी करी. शेजारपाजारच्या सैनिकांच्या बायकाही आपल्या नवऱ्यांना पत्र लिहून घेण्यासाठी तिच्याकडे येत. आई घरात नसली, की वडील तिला हळूच व्हायोलिनचा धडा देत.

त्यातच आजारपण आले. लहानपणी देवीच्या रोगाने तिच्या चेहऱ्यावर व्रण ठेवले होतेच. दहाव्या वर्षी तिला टायफस नावाचा ताप आला. त्यातून ती वाचली, पण तिची वाढ खुंटली. मोठेपणीही तिची उंची सव्वाचार फुटांच्या पुढे गेली नाही. रूप नाही, पैसा नाही, तेव्हा हिचे लग्न होणे कठीण, असे वडिलांनीच तिला सांगून टाकले होते. १७६७ साली ते वारले. सतरा वर्षांच्या कॅरोलिनपुढे मग एकच प्रश्न उरला : आयुष्यभर भावांच्या घरी मोलकरणीसारखे राबायचे, की स्वतःच्या कष्टाची भाकरी मिळवायची? तिने टोप्या आणि कपडे शिवण्याचे थोडे शिक्षण घेतले. पण मार्ग दिसत नव्हता.

विल्यम तेव्हा इंग्लंडमधील बाथ या शहरात संगीतशिक्षक होते. एका प्रार्थनामंदिरात ते ऑर्गन वाजवीत. बहिणीचा आवाज चांगला आहे, तिला गायिका करावे, असे त्यांच्या मनात आले. आई तिला सोडीना. शेवटी कॅरोलिनच्या जागी घरकामाला बाई ठेवता यावी, म्हणून विल्यमनी आईला दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचे कबूल केले, तेव्हा कुठे सुटका झाली. ऑगस्ट १७७२ मध्ये भाऊबहीण निघाले. सहा दिवस आणि सहा रात्री उघड्या टपालगाडीतून प्रवास झाला. वाटेत वाऱ्याने कॅरोलिनची टोपी उडून कालव्यात पडली. समुद्रात वादळ झाले. लंडनला पोचल्यावर संध्याकाळी दोघे बाजारात फिरले. तिथल्या इतक्या दुकानांपैकी तिच्या लक्षात राहिली ती फक्त भिंगे आणि चष्मे विकणारी दुकाने, कारण विल्यमचे पाय त्यांच्यापुढेच थांबत होते.

बाथमध्ये कॅरोलिनचा नवा अभ्यास सुरू झाला. रोज गाण्याचे धडे आणि न्याहारीच्या वेळी इंग्रजी, हिशेब व गणित. इंग्रजीचे चार शब्द येतात न येतात तोच तिला एकटीला बाजारात पाठवले जाई. मित्रांनो, परक्या भाषेत भाजीवाल्याशी घासाघीस करणे किती कठीण असते, हे मराठी शिकणाऱ्या तुम्हांला मी सांगायला नको! हळूहळू ती तयार झाली. १७७८ साली मोठ्या कार्यक्रमात मुख्य गायिका म्हणून ती उभी राहिली. दुसऱ्या शहरातून तिला बोलावणेही आले. पण भाऊ जेथे संचालन करील तेथेच गायचे, असे म्हणून तिने ते नाकारले.

याच काळात विल्यमना ताऱ्यांनी झपाटले होते. (उर्दूतील दूरबीन हाच शब्द मराठीत दुर्बीण झाला आहे, हे तुम्ही ओळखले असेलच.) चांगल्या दुर्बिणी महाग होत्या आणि त्यांना हवी होती तेवढी मोठी दुर्बीण विकतही मिळत नव्हती. तेव्हा ती घरीच करायचे त्यांनी ठरवले. त्यांच्या दुर्बिणीत भिंगाऐवजी मुख्य काम आरशाचे असे. खोलगट आरसा ताऱ्याचा प्रकाश गोळा करून एका ठिकाणी आणतो. आरसा जेवढा मोठा, तेवढा प्रकाश जास्त आणि तेवढे अंधूक तारे दिसतात. हे आरसे काचेचे नव्हते. तांबे आणि कथील वितळवून त्यांचा रस साच्यात ओतायचा आणि निघालेली चकती तासन्‌तास घासून तिला झिलई द्यायची. घासताना हात थांबला तर आरसा बिघडे.

बघता बघता घराचा कारखाना झाला. दिवाणखान्यात सुतार दुर्बिणीच्या नळ्या करू लागला आणि झोपायच्या खोलीत लेथ आले. एकदा तर आरसा घासताना विल्यमनी सोळा तास हात थांबवला नाही. कॅरोलिन त्यांच्या तोंडात घास भरवत होती. कंटाळा येऊ नये म्हणून ती त्यांना पुस्तकेही वाचून दाखवी. त्या पुस्तकांत एक होते 'अलिफ लैला'! बगदादच्या खलिफाच्या गोष्टी ऐकत ऐकत इंग्लंडातल्या एका घरात दुर्बिणीचा आरसा घडत होता, हे चित्र मला फार आवडते.

सगळेच काम असे गोड नव्हते. साचा करण्यासाठी घोड्याची लीद लागे. ती वाळवून, खलबत्त्यात कुटून, चाळणीने चाळायची. ते कामही कॅरोलिनने केले. १७८१ साली मोठ्या आरशासाठी धातूचा रस ओतताना भट्टी फुटली. तापलेला रस जमिनीवर पसरला आणि फरशीचे दगड तडातड उडू लागले. सगळे जीव मुठीत घेऊन बाहेर पळाले.

त्याच वर्षी १३ मार्चच्या रात्री घरी केलेल्या दुर्बिणीतून विल्यमना युरेनस दिसला. प्राचीन काळापासून माणसाला शनीपर्यंतचेच ग्रह ठाऊक होते. आता त्यांत भर पडली. राजाने विल्यमना वर्षाला २०० पौंड देऊन आपला ज्योतिर्विद नेमले. १७८२ साली भाऊबहीण राजवाड्याजवळच्या डॅचेट गावी राहायला गेले. लोकांनी विल्यमचे अभिनंदन केले. कॅरोलिनचे गाणे मात्र येथे संपले. इतक्या वर्षांच्या मेहनतीने ती स्वतःच्या पायांवर उभी राहू लागली होती. आता पुन्हा नव्या विद्येची अक्षरे गिरवायची होती. तिने मन मारून ती गिरवली.

विल्यमनी तिला एक छोटी दुर्बीण करून दिली आणि धूमकेतू शोधायला सांगितले. आकाशाचा एकेक पट्टा वरून खाली, खालून वर असा सावकाश पाहत जायचे. या कामाला इंग्रजीत झाडू मारण्याचाच शब्द आहे. जन्मभर घर झाडलेल्या मुलीच्या हाती आता आकाश झाडायला आले! पहिले काही महिने ओस मैदानात गवतावर, दवात एकटीने बसणे तिला नकोसे वाटे. पण १७८३ साल उजाडले आणि तिला अंधूक ढगांसारखे ठिपके, म्हणजे तेजोमेघ, सापडू लागले. त्यांपैकी काही आजवर कुणीच पाहिलेले नव्हते. देवयानी नावाच्या तारकासमूहातही तिला एक छोटा मेघ दिसला. फ्रान्समधील मेसिए यांनी तो पूर्वी पाहिलेला होता, पण तिला त्याचा पत्ता नव्हता. या छोट्या मेघाच्या शेजारी जो मोठा मेघ आहे, त्याची नोंद इ. स. ९६४ च्या सुमारास अब्दुर्रहमान अस्‌-सूफी यांनी आपल्या 'सुवरुल्‌-कवाकिब' या ग्रंथात केली होती. त्यांच्याजवळ दुर्बीण नव्हती. त्यांनी तो नुसत्या डोळ्यांनी पाहिला होता. हे मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या ताऱ्यांच्या प्रचंड वसाहती आहेत, हे विसाव्या शतकात कळले.

ती स्वतःच्या दुर्बिणीजवळ मात्र फार काळ बसू शकत नसे. विल्यम मोठ्या दुर्बिणीवर चढून जे दिसेल ते ओरडून सांगत. कॅरोलिन उघड्या खिडकीशी दिवा, घड्याळ आणि ताऱ्यांची यादी घेऊन बसे आणि वेळेसह सारे लिहून घेई. थंडीत दौतीतली शाई गोठून जाई. सकाळी भाऊ झोपला, की ती रात्रीच्या नोंदी शुद्ध करून लिही आणि ताऱ्यांच्या जागा गणिताने काढी. गंमत म्हणजे तिला पाढे कधीच पाठ झाले नाहीत. पाढ्यांचा कागद ती जवळ बाळगी आणि त्यात पाहून गुणाकार करी. त्या गुणाकारांवर साऱ्या युरोपातले ज्योतिर्विद विसंबून राहिले.

१७८३ सालची शेवटची रात्र होती. बर्फ पडले होते. ढग थोडे विरळ झाले म्हणून विल्यमनी दुर्बीण फिरवायला सांगितले. अंधारात धावताना कॅरोलिन घसरली आणि जमिनीवरच्या खाटकाच्या आकड्यासारख्या लोखंडी आकड्यावर पडली. तो तिच्या मांडीत घुसला. लोकांनी तिला उचलले, तेव्हा मांसाचा तुकडा आकड्यालाच राहिला. कित्येक दिवस ती अंथरुणावर होती. नंतरच्या रात्री ढगाळ होत्या, त्यामुळे भावाच्या कामाचे फारसे नुकसान झाले नाही, याचेच तिला समाधान वाटले. मला स्वतःला हे समाधान वाचून थोडे वाईट वाटते. भावाने तिच्यासाठी खूप केले, हे खरे. पण तिच्या दुखण्याला तिच्याच मनात इतकी थोडी जागा असावी?

१७८६ साली ते स्लाउ या गावी राहायला आले. त्या उन्हाळ्यात विल्यम जर्मनीला एक दुर्बीण पोचवायला गेले होते आणि कॅरोलिनला स्वतःच्या दुर्बिणीसाठी मोकळ्या रात्री मिळाल्या. १ ऑगस्टच्या रात्री तिला एक अंधूक ठिपका दिसला. धूमकेतू असेल तर तो उद्या जागचा हललेला दिसेल. तिने पुढच्या रात्रीपर्यंत वाट पाहिली. ठिपका हलला होता! भाऊ परत येईपर्यंत ती थांबली नाही. तिने लगेच रॉयल सोसायटीच्या चिटणीसांना पत्र लिहिले. इतरांनी पाहून खात्री केली. कॅरोलिन हर्शेल हे नाव युरोपभर पोचले.

पुढच्या वर्षी राजाने भावाची मदतनीस म्हणून तिला वर्षाला ५० पौंड पगार ठरवून दिला. विज्ञानाच्या कामासाठी इंग्लंडमध्ये पगार मिळवणारी ती पहिली स्त्री. पहिल्या तिमाहीचे साडेबारा पौंड हाती आले, तेव्हा तिचे वय ३७ होते. आपल्या मर्जीने खर्च करता येईल असा पैसा तिने जन्मात प्रथमच पाहिला. येथून पुढे आपण तिला कॅरोलिनबाई म्हणू या.

१७८८ साली विल्यमनी लग्न केले. सोळा वर्षे घर चालवणाऱ्या कॅरोलिनबाईंनी किल्ल्या नव्या वहिनीच्या हाती दिल्या आणि त्या वेगळ्या खोलीत राहायला गेल्या. मनात काय कालवले असेल ते कुणाला कळणार नाही, कारण त्या दहा वर्षांतली आपली रोजनिशी त्यांनी पुढे स्वतःच नष्ट केली. कदाचित रागाच्या भरात लिहिलेले कुणाच्या हाती पडू नये, असे त्यांना वाटले असेल. वहिनीशी पुढे त्यांचे चांगले जमले आणि १७९२ साली जन्मलेला भाचा जॉन तर त्यांचा जीव की प्राण झाला.

काम मात्र थांबले नाही. १७९७ पर्यंत कॅरोलिनबाईंनी एकूण आठ धूमकेतू पाहिले. त्यांपैकी एकदोन आधी इतरांनाही दिसले होते. शेवटचा दिसला, तेव्हा पत्रावर न विसंबता थोडी झोप घेऊन त्या घोड्यावर बसल्या आणि दूरवरच्या ग्रीनिच वेधशाळेत जाऊन तेथील प्रमुखांना त्यांनी ती बातमी स्वतः सांगितली. वय ४७, उंची सव्वाचार फूट!

फ्लॅमस्टीड यांनी केलेली ताऱ्यांची मोठी यादी तेव्हा सगळे वापरत, पण तिच्यात चुका होत्या. कॅरोलिनबाईंनी मूळ नोंदी ओळ न ओळ तपासल्या आणि यादीत घ्यायचे राहून गेलेले ५६१ तारे शोधून काढले. रॉयल सोसायटीने हे काम १७९८ साली छापले. युरोपातल्या ताऱ्यांच्या याद्यांत अल्‌-दबरान, अल्‌-गूल, अत्‌-ताइर अशी अरबी नावे थोड्याफार बदललेल्या रूपात आजही आहेत. अल्‌-दबरान म्हणजे मराठीतली रोहिणी आणि अत्‌-ताइर म्हणजे श्रवण.

स्लाउच्या अंगणात विल्यमनी ४० फूट लांबीची प्रचंड दुर्बीण उभारली होती. १७८९ साली ती पूर्ण झाली. तिच्या आरशाची रुंदी ४ फूट होती. लहानगा जॉन या दुर्बिणीच्या सावलीत आणि आत्याच्या मांडीवर वाढला. मोठेपणी तोही नामवंत ज्योतिर्विद झाला. पुढे तिचे लाकूड कुजू लागले म्हणून ती उतरवण्यात आली. तेव्हा १८३९ सालच्या शेवटच्या रात्री जॉन, त्याची पत्नी आणि मुले त्या आडव्या नळीत जाऊन बसली आणि सगळ्यांनी मिळून तिला निरोप देणारे गाणे म्हटले. आजोबांनी घडवलेल्या दुर्बिणीच्या पोटात बसून नातवंडे गात होती!

कॅरोलिनबाई त्या वेळी तेथे नव्हत्या. १८२२ साली विल्यम वारले आणि दुःखाच्या भरात त्या हॅनोव्हरला परत गेल्या. नंतर त्यांना याचा पस्तावा झाला. पन्नास वर्षांत गाव बदलले होते, अरुंद गल्लीतून आकाश दिसत नव्हते. पण पंचाहत्तरीच्या घरात त्यांनी एक मोठे काम संपवले. विल्यमनी पाहिलेले सुमारे २५०० तेजोमेघ आणि तारकागुच्छ त्यांनी अशा क्रमाने मांडले, की जॉनला ते एकामागून एक पुन्हा तपासता यावेत. या कामासाठी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८२८ साली त्यांना सुवर्णपदक दिले. त्यानंतर हे पदक एका स्त्रीला मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. त्या शास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकेतील व्हेरा रुबिन. १८३५ साली सोसायटीने कॅरोलिनबाई आणि मेरी सॉमरव्हिल यांना सन्माननीय सभासद करून घेतले. त्याआधी तेथे कोणत्याही स्त्रीला हा मान मिळाला नव्हता.

९ जानेवारी १८४८ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे शवपेटीत भावाच्या केसांची एक बट ठेवण्यात आली. तिच्याबरोबर एक जुनेपुराणे पंचांगही होते. ते त्यांचे वडील वापरत असत.

कॅरोलिनबाईंनी १७८८ सालच्या डिसेंबरात पाहिलेला धूमकेतू पुढे दीडशे वर्षे कुणालाच दिसला नाही. १९३९ साली फ्रान्समधील रिगोले यांना एक धूमकेतू सापडला. गणित केल्यावर कळले, की हा तोच आहे. आता तो हर्शेल-रिगोले या नावाने ओळखला जातो. सूर्याभोवती एक फेरी घालायला त्याला सुमारे १५५ वर्षे लागतात. २०९२ च्या सुमारास तो पुन्हा येईल. तेव्हा तुम्ही आजी-आजोबा झालेले असाल. १९३९ साली तो नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका तेजस्वी नव्हता. नातवंडांना तो दाखवायचा, तर घरात दुर्बीण लागेल.